कूलर

कोणत्याही बाजूनं मोजा, समुद्र लांबच;
म्हणून बाबांनी प्लॉट घेतला मानेवाड्यात.

मे महिन्यात रात्री लाईन जाते.
पंखा थांबल्याचं त्यांना काही नाही,
कूलरचा पंप थांबला
की ताडकन उठून बसतात.

पाणबुडीतलं एकदाच बोलले, तेही दुसऱ्यांचं:
रशियन बोट, अणुभट्टी, गार पाण्याची नळी फुटलेली.
पोरं आत गेली वेल्डिंगला,
अंगात रेनकोट.
"रेनकोट," पुन्हा म्हणाले,
आणि वाळ्याच्या ताट्या भिजवत बसले.

आताही अंधारात
कूलरच्या पत्र्यावर बोटांच्या पेरांनी ठोकतात.
तीनदा. थांबतात. कान लावतात.

पलीकडच्या गच्चीवरून तितरमारे काकू:
"तुमच्याकडली पण गेली का जी?"

"हो," बाबा म्हणतात,
"आम्ही सगळे आहोत."