कापसलेले डोळे

चिखलीच्या पुढे, कपाशीला लागून
दीड एकर द्राक्ष.
लोक बांधावर थांबतात. वऱ्हाडात? अन् हे?
दुर्पताबाई उत्तर देत नाही,
तिची कात्री चालू असते.

कात्री आधी शेंड्याला लागते.
शेंडा वर बसून एकच निरोप धाडतो खाली,
सालीआडून, दिवसरात्र:
थांबा. अजून नाही.
माझ्या वहीत त्या निरोपाचं नाव ऑक्सिन.
बाई त्याला शेंड्याचा तोरा म्हणते.
देठांच्या बगलेतले डोळे तो ऐकतात
आणि मिटून राहतात, वर्ष वर्ष.

कच्च.

आता मुळांचं ऐकू येतं.
काळ्या मातीतलं काही
रसाबरोबर चढत चढत
कापलेल्या तोंडाशी येतं, आणि थेंबथेंब गळतं.
"काऊन रडू राह्यली वं वेल?"
"रडू दे. बुडाशी पाणी हाये म्हून रडते."

पण पहिला फुगतो तो कापाजवळचा,
आणि फुगला की तोच नवा शेंडा:
थांबा. अजून नाही.
म्हणून ही लाल पेस्ट.
चिंधीच्या बोळ्यानं, एकेका डोळ्याला,
ज्यात घड दडलाय तेवढ्यांनाच.
बुडखाकडच्यांना नाही.

पेस्टच्या दिवसांत दारू चालत नाही.
तोंड लाल होतं, छाती भात्यासारखी उडते.
डबा धरायला तिचा भाऊ जानराव.
छाटणी टप्प्याटप्प्यानं, पेस्टही तशीच;
काम चार दिवसांचं,
बाई ते नऊ दिवस पुरवते.
मालकाला सांगते, ढग होते.
ढग नव्हते.

संध्याकाळी जानराव साबणानं हात धुतो,
कोपरापर्यंत, दोनदा,
आणि बहिणीच्या ओट्यावर बसून
तुरीचं वरण जेवतो.
फारसं बोलत नाही.

अकराव्या दिवशी डोळे कापसले.
तपकिरी टरफलातून पांढरी लव,
बोंड उकलावं तशी.
बांधावरचा शेजारी खो खो हसला:
"एवढं करून शेवटी कापूसच आला ना!"
बाईही हसली, पहिल्यांदाच.

मग तिसऱ्या ओळीत थांबली.
बुडखाजवळचा एक डोळा,
पेस्ट न लावलेला,
आतून गुलाबी, उघडलेला.
"यायले कोन लावली?"
जानरावनं मान हलवली. मीही.

असल्या फुटी अंगठ्यानं चोळून काढायच्या असतात.
तिनं अंगठा टेकवला.
बराच वेळ टेकवून ठेवला.