डेअरीचा फळा, उजवी बाजू

डाव्या बाजूला भावकू चौगुले लिहितो:
म्हैस, फॅट सहा, दर अठ्ठेचाळीस.
उजवी बाजू माझी.
निवडून आले त्याच आठवड्यात मागून घेतली.
त्यानं मधोमध खडूची रेघ मारली,
म्हणाला, "वहिनी, रेघेच्या अलीकडं यायचं नाही बगा."
आमच्याकडं सीमा अशाच ठरतात.

सोमवार.
गटार: मारुती गल्लीतले पाइप आले. जेसीबी बुधवारी.
(जेसीबीवाल्याच्या बहिणीचं लग्न आहे,
ते लिहिलं नाही.)
दिवे: खांब बारा, बल्ब सात.
बाकीचे पाच कुठं, मला विचारू नका,
मीच विचारत हिंडते आहे.
कचरागाडी: आली. ड्रायव्हर मंजूर व्हायचा आहे.

गाव वाढलं.
रताळ्यांचा माळ होता तिथं
पहिला क्रॉस, दुसरा क्रॉस, तिसरा क्रॉस.
गोकाककडची माणसं, बैलहोंगलकडची,
बँकेतली, कॉलेजातली, एक रिटायर्ड फौजदार.
घरांवरच्या पाट्या मी चालता चालता बघते,
वाचते म्हणत नाही.
शाळेत कन्नडचा तास जेवणानंतर असायचा,
मी खिडकीतून बाहेर, समोरच्या चिंचेवर.
आता पंचायतीतला एकेक कागद
त्याच तासाचा हिशोब मागतो.

पीडीओ साहेब बोट ठेवतात, "इथं सही."
"वर काय लिहिलंय?"
"तुमच्याच वॉर्डाचं आहे, मेंबर."
माझ्याच वॉर्डाचं, आणि ते मलाच दुसऱ्यानं सांगायचं.
मी सही मराठीत करते,
सुरेखा परशराम हुंदरे,
चौकटीबाहेर जाईल एवढी लांब.

गुरुवार.
पाणी: टाकी दुरुस्त झाली.
उद्यापासून पहाटे पाचला सुटेल.
दोनदा अधोरेखित केलं, हौसेनं.

शुक्रवारी सगळी गल्ली घागरी घेऊन नळाशी.
नळ नुसता शीळ घालतोय.
नागुबाई तरळे म्हणाली,
"तुझा फळा भरला बाई,
आमची घागर तेवढी राहिली."
शनिवारीही शीळच.

रविवारी माझ्या ओळींखाली
निळ्या खडूची एक ओळ,
गोल, वळणदार, कन्नड.
भावकूनं खोडली नव्हती, त्याला वाटलं
संघाकडून नवा दर आला असेल.
माणसं जमली.
एक म्हणाला, शिवी आहे.
एक म्हणाला, हे मुद्दाम चाललंय, आज फळा, उद्या देऊळ.
एक ओलं फडकं आणायला आत गेला.
मी म्हटलं, थांबा.
ईरव्वाचा नातू दुधाचं कॅन घेऊन उभा होता,
सहावीतला. त्याला स्टुलावर चढवलं.
त्यानं अक्षराखाली बोट धरून आधी ओठांत वाचलं,
मग आमच्यासाठी मोठ्यानं:
"पाणी पाचला येत न्हाई. चारला येतंय. पाचला जातंय."
आणि खाली बारीक: "तिसरा क्रॉस."

फडकं घेऊन आलेला दारातच उभा राहिला,
मग त्यानं त्याच फडक्यानं
दुधाचं माप पुसलं.

सोमवारी चारला उठले.
पाणी आलं, आधी गंजाचं, मग पांढरं.
कळशी ठेवून माळाकडं चालत गेले.
तिसऱ्या क्रॉसवर एक बाई
पायरीशी पाइप धरून बादली भरत होती.
मी हात वर केला. तिनंही केला.
बोटांना निळं होतं का, दिसलं नाही,
त्या खांबावर बल्ब नाही.

फळा:
पाणी पहाटे चारला. पाच लिहिलं ती चूक माझी.
खाली तेच कन्नडमध्ये,
पोरानं लिहून दिलेल्या चिठ्ठीवरून गिरवलं,
एक वेलांटीसारखं काहीतरी उलटं गेलं
आणि रेघ ओलांडून
म्हशीच्या दरात शिरलं.
भावकू बराच वेळ बघत राहिला.
"असू दे," म्हणाला, "गाईचा दर दारावर लिहितो."

जेसीबी: अजून लग्नातच आहे.