पाणवठा क्रमांक अकरा

एक वाजून सतरा मिनिटांनी फोन थरथरला.

नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीच्या चौथ्या पायरीवर येतं,
तिसरीवर नाही, पाचवीवरही नाही,
म्हणून आठवडाभर रात्री मी इथेच,
लॅपटॉप गुडघ्यांवर, हातापायांना कडुनिंबाचं तेल.

कुठेतरी दोन न्यूट्रॉन तारे
एकमेकांभोवती गरगरत एक झाले.
अवकाश हललं,
अणूच्या गाभ्याहून कमी,
तरी समुद्रापलीकडच्या दोन यंत्रांना ते कळलं.
निघालं होतं सत्तावीस कोटी वर्षांपूर्वी.
चांद्याच्या खाणीतला कोळसा
तेव्हा झाड होता.
हिरवा.

मग नकाशा आला. आभाळभर एक वाकडा पट्टा,
पौर्णिमेचे सात हजार चंद्र मावतील एवढा.
त्यात कुठेतरी गॅमा किरणांची ठिणगी,
दोन सेकंदांची.
पडली असेल तर.
या आठवड्याची पाळी माझी.

"का पायतेस वो?" खालून बाबा.
मुखरू सोनुले, वनमजूर, अडतीस वर्षं बफरमध्ये.
कसं सांगू? सांगितलं शेवटी:
बाबा, चितळ ओरडलं. वाघ दिसायचा आहे.

"मंग असं सांग ना."
पहिल्या पायरीवर बसले, विडी हातात, न पेटवता.
"कोन्या दिशेनं?"
तेच तर कळत नाही.
"एकच ओरडला का दोन?"
दोन. हजारातल्या सात भागांएवढ्या सेकंदाच्या अंतरानं.
"तुह्या घड्यारात इतलं बारीक दिसते?"

उपग्रहाची फाईल उतरत होती,
तालुक्याच्या एसटीसारखी, थांबत थांबत.
पट्ट्याचा तिसरा हिस्सा तेव्हा पृथ्वीआड.
तिथे काही घडलं असेल
तर आमच्यापुरतं घडलंच नाही.
उरलेल्यात गजबज, नेहमीची, अवकाशातली कचपट.
आणि एक अधिक चार दशांश सेकंदाला
एक उंचवटा.

इलंगोचा फोन. "पाहिलंस?"
पाहिलं.
दोघंही बोललो नाही थोडा वेळ.
टाकीतून पाणी ठिबकत होतं.
मग चारही तुकडे वेगळे काढले.
उंचवटा एकाच तुकड्यात.
बाकीच्या तिघांनी काही पाहिलं नव्हतं.
एखादा भरकटलेला कण येऊन आदळला असेल,
खिडकीवर किडा आदळावा तसा.

"बॅटरीच्या उजेडात कातिनीचे डोरे बी चमकतेत," बाबा म्हणाले.
मी त्यांना यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

अकरा वर्षांची होते. वैशाखी पौर्णिमा,
प्रगणनेला त्यांच्यासोबत मचाणावर,
पाणवठा क्रमांक अकरा.
रात्रभरात एक मुंगूस, दोन मोर,
एक रानडुक्कर, तेही पाणी न पिता गेलेलं.
सकाळी फॉर्मवर वाघाच्या रकान्यात
बाबांनी गोल शून्य काढलं, सावकाश.
काहीच नाही तर रिकामं सोडा की, मी म्हटलं.
"रिकामं म्हंजे आपुन आलोच नवतो.
सुन्न म्हंजे बसलो होतो, डोरे उघडे होते."

चार वाजून चाळीस. लिहिलं:
शोधलं. सापडलं नाही.
प्रकाश असेलच, तर एवढ्याहून मंद.
तो 'एवढा' काढायला दीड तास लागला,
दशांश चिन्हापाशी दोनदा चुकले.
पाठव दाबलं. गोल फिरत राहिला.
बाबा कधी उठून गेले कळलं नाही,
पायरीवर विडी तशीच.

खालच्या वाटेनं बाया निघालेल्या तेंदूपत्त्याला,
अंधारात, नुसत्या बांगड्या.
एक थांबली.
"कोन वो टाकीवर?"

आधी आवाज आला.
मग, दीडेक सेकंदानं,
बॅटरीचा झोत,
थेट माझ्या तोंडावर.