टिंब

आमच्या स्टेशनाच्या पाटीवर एक टिंब नाही.
रांजणखिड.
तिकिटावर तसंच, वेळापत्रकात तसंच,
माझ्या शाळेच्या दाखल्यावर जन्मगाव म्हणूनही तसंच.

पेंटरनं घाई केली म्हणतात.
वाठारला त्याची बायको अडली होती,
काळ्या रंगाचा डबा उघडा टाकून
तो मिळेल त्या मालगाडीत चढला.
गावठाणातली माणसं हे मानत नाहीत.
ती म्हणतात, सुभाना वडारानं सुरुंग लावला
तेव्हा दगडांबरोबर खिंडीवरचं टिंबही उडालं
आणि थेट कवड्याच्या विहिरीत पडलं.
म्हणून तिथलं पाणी भर उन्हातही काळं.
खिंडीतल्या खडकात सात रांजण आहेत,
मोजायला गेलं की सहाच भरतात,
तेही त्याच सुरुंगामुळं.

मुलाणीचाचा पॉइंट्समन.
दर दिवाळीला सिग्नलची बत्ती पुसून झाली
की शिडी पाटीला टेकवायचे,
काडीनं डांबराचं टिंब द्यायचे.
इन्स्पेक्शनची ट्रॉली यायच्या आत
केळुसकर मास्तर रॉकेलच्या चिंधीनं ते काढायचे.
दोघं एकाच बाकावर चहा प्यायचे.
या विषयावर
कधी बोलले नाहीत.

माझी आई फाटकावर.
गाडी यायची झाली की साखळी,
गाडी गेली की चूल.
पाहुण्यांना ती वेळ सांगायची ती गाड्यांत:
भाकरी पॅसेंजरला, निजानीज मालगाडीला.

रुंद रूळ आले त्या साली
टोळीतल्या निवृत्ती मदन्यानं
जुन्या रुळाचा हातभर तुकडा शाळेला दिला.
घंटा म्हणून अजून तोच टांगलाय.
छोट्या लायनीचा आवाज आहे तो,
बारीक, जरा नाकातला,
अनुस्वारासारखा.

आता गाडी थांबत नाही.
विजेचे खांब आले, क्वार्टरांत घाणेरी माजली.
नवी पाटी बसली, छापील,
तिच्यावर तर रांजणाचंही टिंब गेलं.
कोण उतरून बघतंय.

खालच्या इंग्रजी ओळीत ते अक्षर
पहिल्यापासून होतं,
हे मला आठवीत कळलं.
पळत जाऊन चाचांना सांगितलं.
हिरवी झेंडी गुंडाळत ते म्हणाले,
"असंल की.
पण मला तिथं वाचता येत न्हाई."