एकोणतीस

टॉडमॉर्डनच्या जुन्या सूतगिरणीत, तिसऱ्या मजल्यावर,
जिथे एकेकाळी चात्या फिरायच्या,
तिथे निळ्या फोमच्या चौकोनावर
इमोजेन सटक्लिफ उभी आहे, डाव्या पायावर.
उजवा गुडघा वाकलेला, हात कमरेवर.
"आता डोळे मीट," मी म्हणते,
आणि हातात घड्याळ असूनही तोंडानं मोजते,
एक, दोन, तीन, मराठीत.
चोवीस वर्षं झाली या देशात,
पगार पौंडात, स्वप्नं कधी कशात कधी कशात,
मोजणं मात्र अजून फलटणचं.

तिचा घोटा नोव्हेंबरात गेला.
शर्यतीत टेकडी उतरताना, धुक्यात,
ओल्या नेच्यांखाली दगड होता.
"ऐकू आलं मला," ती म्हणाली,
"गाजर मोडल्यासारखं."
सूज उतरली, ताकद आली,
पण पायाचा विश्वास उडालेला.
जमीन तळव्याला जे सांगते
ते वरपर्यंत पोचतच नाही,
मध्येच कुठेतरी टपाल अडकतं.

डोळे उघडे असले की ती खांब.
समोरच्या भिंतीतली एक वीट निवडते
आणि तिला नजरेनं धरून ठेवते.
डोळे मिटले की वीट सुटते,
घोट्यात बारीक भांडणं सुरू होतात,
आत, बाहेर, आत, जरा पुढे.
मी तेवढंच बघत असते. चेहरा नाही बघत.
तिला वाटायचं, तोल म्हणजे न हलणं.
म्हणून ती श्वास कोंडायची,
आणि श्वास कोंडलेला माणूस किती वेळ उभा राहणार?

सव्वीस. सत्तावीस. अठ्ठावीस.
एकोणतीसला पडते.
चार आठवडे, दर वेळी.
"हा आकडा इतका लांब का?" तिनं विचारलं.
मी सांगितलं, नावातच उणं आहे त्याच्या.
आमच्याकडे वीस आणि नऊ म्हणत नाहीत,
एक कमी तीस म्हणतात.
(एकोणीसही तसाच, पण तिथे ती डगमगत नाही,
वीसवर कुणी तिची वाट बघत नसतं.)
"दुष्ट आहात तुम्ही लोक,"
ती म्हणाली, टॉवेलनं मान पुसत.

एका बुधवारी म्हणाली, "तुम्ही करून दाखवा."
मी एका पायावर तयार. अगदी शब्दशः.
शाळेच्या लंगडीच्या संघात होते,
एका डावात नऊ मुली बाद केल्यात,
असं तिला सांगितलं. खऱ्या सहा होत्या.
बूट काढले, मोजे काढले, फोम गार लागला.
डोळे मिटले.
बावन्न वर्षांचं अंग, दोन बाळंतपणं,
सहा, सात, आठ,
आणि गिरणी तिरपी झाली.
इमोजेननं काखेत हात घालून धरलं मला.
तिच्या बोटांना संत्र्याच्या सालीचा वास होता.
बराच वेळ आम्ही दोघी हसलो.
खरं सांगायचं तर ती हसली.
संध्याकाळी मी जिन्याचा कठडा धरून उतरले.
हल्ली दात घासताना एका पायावर उभी असते.
नवऱ्याला सांगितलंय, कामाचा भाग आहे.

मार्चात एकदा ती म्हणाली, "आज मी मोजते."
आकडे माझे, उच्चार यॉर्कशरचे,
एरवी कानाला खटकले असते.
डोळे मिटलेले. घोटा थरथरत होता,
आणि ती त्याला थरथरू देत होती.
श्वास चालू. ओठ चालू.
सव्वीस. सत्तावीस. अट्टावीस.
तीस.
आणि डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

मी फाईल ओढली. लिहिलं,
डावा पाय, डोळे मिटून,
आणि पेन तिथेच टेकवून बसले.
खाली कालव्यात एक बोट
लॉकचं दार उघडायची वाट बघत होती.
एकोणतीस, मी लिहिलं.
तारीख घातली, सही केली, तारीख चुकली म्हणून खोडली,
परत घातली.
एवढा वेळ गेला, तरी
ती तशीच उभी होती, पाय वर,
कुठल्याच विटेकडे न बघता.