सुन्नीवा, आस्लाकची लेक

जिल्ह्याहून पत्र आलंय: पितळी पाटी तयार आहे,
सुन्नीवा नक्की कोणती, ते कळवावं.

म्हणून चर्चची वही उघडून बसलोय.
पान एकशे सात. कडेला मेणाचा थेंब,
कुण्या पाद्र्याला त्या रात्री पेंग आली असणार.
खिडकीबाहेर फ्योर्ड. दुपारचे दोन,
आणि दिवस मावळलासुद्धा.

आमच्या स्क्योर्वोगला तेव्हा घरं एकवीस
आणि बायकांची नावं पाच.
आजीचं नातीला, आत्याचं भाचीला,
जुना कोट उसवून लहान करावा तसं.
नवीन नाव म्हणजे उधळपट्टी,
असं म्हणायचे. किंवा म्हणत नसतील,
मीच चावी सांभाळता सांभाळता कंजूष झालो असेन.

एक सुन्नीवा सुईण होती, तोल्लेफची विधवा.
वहीतली निम्मी माणसं
आधी तिच्या हातात रडली, मग शाईत उतरली.

एक सुन्नीवा सुकाणूवर बसायची.
तिच्या नावावर एक नाव होती,
आणि नावेचं नावही सुन्नीवाच.
फेब्रुवारीतली नोंद, दोनच शब्द:
सुन्नीवा बुडाली.
कोण, ते पाद्र्याने लिहिलं नाही.
त्याला माहीत होतं ना, मग लिहायचं कशाला?
मी मात्र अडीचशे वर्षांनी
दर हिवाळ्यात एकदा तिला बुडवतो,
एकदा काठाला आणतो.

आणि पत्रातली, पाटीवाली.
हिने मिठाच्या करावरून अंमलदाराला
चर्चच्या पायरीवर, चारचौघांत खोटारडा म्हटलं.
दंड: माशाच्या तेलाची दोन पिंपं.
शिपाई आला, विचारलं, सुन्नीवा कुठे राहते?
कुणीतरी बोट दाखवलं. दार उघडलं सुईणीने.
ती म्हणू शकली असती, मी नव्हे ती.
म्हणाली नाही.

वहीत हे काही नाही. वहीत एवढंच: वसूल.
पण सुईण मेल्यावर तिच्या सामानाची यादी झाली,
तीत सहाऐवजी पिंपं चार,
आणि मला जुने हिशेब जुळवायची खोड आहे.

का दिली असतील?
उत्तर पान एकशे सातवर आहे,
इतकी वर्षं मी ते चुकीचं वाचत होतो.
सुन्नीवा, आस्लाकची लेक. एप्रिल.
खाली पुन्हा, त्याच अक्षरात:
सुन्नीवा, आस्लाकची लेक. पुढचा मार्च.
मला वाटायचं आस्लाक दोन असतील.
नाही. आस्लाक एकच.
पहिली एकोणीस दिवस जगली.
दुसरी मोठी होऊन पायरीवर उभी राहिली.
दोन्ही वेळा सुईण तीच होती.

एकोणीस दिवसांत पोरीने कुणाचं काय बिघडवणार?
तिला कुणी नावं ठेवली नाहीत.
एक नाव ठेवलं,
आणि तेही काढून घेतलं,
अजून ऊब असेल त्यात,
येणारीला लागेल म्हणून.

दिवा भगभगतोय. पत्राला उत्तर द्यायला हवं.
लिहिलं: कोरा, सुन्नीवा, आस्लाकची लेक.
साल घालू नका.
का, ते विचारतील. फोन करतील बहुतेक.
सांगेन, शाई फुगलीय, नीट लागत नाही.

वही मिटून कुलूप लावताना
खाली धक्क्यावरून कुणीतरी हाक मारली,
सुन्नीवाऽऽ, जेवायला!
तीन डोकी वळली.
त्यातलं एक कुत्र्याचं,
आणि पळत घरी गेलं तेवढं तेच.