जाम

आम्ही इंदूरवाले पेरूला जाम म्हणतो.
अन्नपूर्णा रोडच्या वळणावर
एका म्हाताऱ्याच्या गाडीवर ढीग असायचा.

मी सतरा. लायसन्सला अजून सात महिने.
हँडलवर मोबाइल उजळला,
शाल्मलीनं काय लिहिलंय एवढंच पाहिलं:
"हाहाहा".

मान वर केली तर
रस्ताभर जाम घरंगळत होते
आणि म्हातारा मधोमध बसलेला,
स्वतःच्या पायाकडे बघत,
जणू पाय दुसऱ्याच कुणाचा.
"बेटा, लगी तो नहीं?"
त्यानं मलाच विचारलं.

दवाखान्याचं बिल बाबांनी भरलं.
गाडी तिथं परत लागली नाही.
शाल्मलीला मी अजून उत्तर दिलेलं नाही.
बाजारात कुणी तिखट-मीठ लावून फोड पुढे केली
की मी आधी
त्याच्या पायांकडे बघते.